खराब म्हणून लिहिलेल्या पंचवीस जोड्या

खोटं छापलंत तुम्ही. तेही गुळगुळीत कागदावर, चार रंगांत, आणि बिस्किटाच्या पुड्यासोबत प्रत्येकाच्या हातात ठेवलंत. पान सात, खालून तिसरी ओळ: ‘त्या काळी जमिनीखाली एकही मोकळी तार शिल्लक नसल्यामुळे प्रतीक्षायादी अपरिहार्य होती.’ अपरिहार्य! हा शब्द ज्याने लिहिला त्याने जन्मात कधी खड्ड्यात पाय घातला नसणार. त्याच पानावर आलेखही काढलात. आलेखातली रेघ पन्नास वर्षं जमिनीला चिकटून सरपटते आणि मग शेपटीवर कुणी पाय दिल्यासारखी उसळून पानाबाहेर जाते. शंभर माणसांमागे दोन फोन होते, ते एकशे चार झाले. म्हणजे पाळण्यातल्या पोरालाही एक, आणि वर चार उरले. याचं श्रेय कुणाचं ते तीन पानं भरून सांगितलंत. आधीच्या पन्नास वर्षांचं काय, तर तार नव्हती. झालं. कुणाचाच दोष नाही, जमिनीतच नव्हती बिचारी. आणि ही इथे आहे ती काय आहे? ही तार नाही तर काय सुतळी आहे?

हे तो बोलला नाही. बोलला असता तरी ऐकायला कोण होतं? तो खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसला होता, मांडीवर टेलिफोन खात्याच्या वर्धापनदिनाला वाटलेली ती पुस्तिका उघडी होती, आणि खाली हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर जुन्या केबलचा सांधा पोट फाडलेल्या जनावरासारखा पडला होता. शिशाचं कवच त्याने स्वतःच अर्ध्या तासापूर्वी उभं चिरलं होतं. आठशे जोड्यांची केबल. दोन तारा मिळून एक जोडी आणि एका जोडीवर एक फोन, एवढंच गणित. प्रत्येक तारेवर कागदाचं वेटोळं, त्यावर मेण, आणि कवच उघडलं की येणारा तो वास, बंद ट्रंकेत ठेवलेल्या जुन्या पत्रांना येतो तसा. हा वास त्याने पस्तीस वर्षं छातीत भरून घेतला होता. आता दोन दिवसांत इथली सगळी केबल दोर लावून ओढून काढायची होती, तिच्या जागी काचेचा केसाएवढा तंतू जाणार होता, आणि खात्याचा माणूस म्हणून त्याने नुसतं उभं राहून ‘कापा’ म्हणायचं होतं. निवृत्तीला अकरा महिने. खड्ड्यातलं त्याचं काम म्हणाल तर संपलंच होतं. पण कवच उघडलं, मेणाचा थर बाजूला केला, आणि सांध्याच्या एका कडेला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली एक जुडी दिसली. पंचवीस जोड्या. कशालाच न जोडलेल्या. तांबं इतकं लखलखीत, की वाटावं सकाळीच सोललंय. दोऱ्याची गाठ त्याचीच होती. दुहेरी फास, टोक आत दडपलेलं. गाठ बघताच त्याच्या बोटांना ती आधी आठवली, मग त्याला.

खात्यात त्याला दहामिनिटे म्हणत. आडनावासारखं. नवीन आलेल्या कारकुनांना ते खरंच आडनाव वाटायचं, एकाने तर रजेच्या अर्जावरही तसंच लिहिलं होतं. कुठल्याही भागातला फोन बंद पडला, की तारा सांधणारे इतर जॉइंटर आधी नकाशे काढायचे, मग रस्ता खोदायचे, तीन दिवस, पाच दिवस. हा जायचा, झाकण उघडायचा, आणि दहा मिनिटांत पलीकडून घंटा वाजायची. खात्याने त्याला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं. भिंतीवर ती अजून आहेत, एकाची काच तडकलेली. दहा मिनिटांमागे काय जादू होती हे त्याला आणि त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या जॉइंटरलाच ठाऊक, असं तो समजून होता. म्हातारा म्हणजे काय माणूस! एका डोळ्याने अधू, पण अंधारात नुसत्या स्पर्शाने तारेचा रंग सांगायचा. निदान तसं भासवायचा तरी. नवीन केबल टाकली की दोन्ही टोकांना माणसं बसून एकेक जोडी तपासत आणि रजिस्टरमध्ये चांगली किंवा खराब असं लिहीत. शंभरात चार खराब निघाल्या तर वरून कुणी काही विचारत नसे. कारखान्याचा दोष म्हणून खात्याचीच तेवढी मुभा होती. म्हातारा म्हणायचा, “चार माफ आहेत ना? मग चार खराब निघाल्याच पाहिजेत. नाही निघाल्या तर आपण काढायच्या.” त्या चांगल्या जोड्या खराब म्हणून लिहायच्या, दोऱ्याने बांधून कडेला झाकून ठेवायच्या, आणि आकडा फक्त डोक्यात. उद्या इस्पितळाचा फोन मेला, बंबवाल्यांचा मेला, तर रस्ता खोदत बसायचं नाही; झाकलेल्यातली एक काढायची आणि त्यावर फोन चढवायचा; मूळ तार सुधारली की ती परत जुडीत बांधायची. “हे चोरी नाही रे,” म्हातारा सांगायचा, “हे घरात एक मेणबत्ती ठेवतात ना, तसं आहे.” त्याला ते पटलं होतं. आजही, खरं सांगायचं तर, पटत होतं. यातलं अवघड तेच होतं.

“काका, वाचन झालं असेल तर कापू का?” खड्ड्यातून मुकादम ओरडला. तंतू टाकणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस, चाळिशीचा, टोपी मागे सरकवलेली, घामाने चकचकीत.

“थांब जरा.”

“थांबा थांबा करूनच तुमचं खातं बसलं, काका.”

“तू जन्मायच्या आधीपासून बसलंय. थांब म्हणतो ना.”

मुकादम हसला. मग त्याची नजर त्या जुडीवर गेली. “हां, निघालं का गाठोडं. किती?”

“कसलं गाठोडं?”

“हेच की. दोरा बांधलेलं. आमची माणसं रोज पैज लावतात यावर. काल त्या छापखान्यापाशी चाळीस निघाल्या. परवा पाण्याच्या टाकीखाली साठ, निळा दोरा. तुमचा पांढरा दिसतोय. एका खड्ड्यात तर रबरी ट्यूब कापून गुंडाळल्या होत्या, उघडायला अर्धा तास गेला. मी म्हटलं, खात्याचीच काहीतरी पद्धत असणार.”

“प्रत्येक खड्ड्यात?”

“नसलेला एक दाखवा, आज संध्याकाळचा चहा माझा.”

छापखान्याचा खड्डा कुणाचा, टाकीचा कुणाचा, हे त्याला पाठ होतं. निळा दोरा वापरणारा जॉइंटर तर देवमाणूस म्हणून प्रसिद्ध. झाकणं लावताना खड्ड्याला हात जोडायचा. पस्तीस वर्षं ही सगळी माणसं एका बाकावर बसून डबे खात होती. एकमेकांच्या बायकांची दुखणी, मुलांचे निकाल, साहेबाच्या शिव्या, सगळं एकमेकांना माहीत. आणि प्रत्येकजण आपापला आकडा डोक्यात झाकून, समोरच्याला म्हणत होता, “कुठे आहेत रे तारा? सगळं भरलंय.” आणि समोरचा मान हलवत होता. प्रत्येकाला वाटत होतं की मेणबत्ती आपल्या एकट्याच्याच घरात आहे. तो मनात मोजायला लागला, कारण त्याच्या मनाला दुसरं काही येत नव्हतं. शहरात सातशेवर खड्डे. सरासरी तीस धरा. हा हिशेब असा सरळ नसतो हे त्याला कळत होतं. तीच केबल चार खड्ड्यांतून जाते, तीच जोडी दोनदा मोजली जाते. बरं, निम्म्या धरा. निम्म्याच्याही निम्म्या धरा. तरी पाच हजारांच्या वर जात होत्या. खेरीज खांबावरच्या पेट्यांत लाइनमनने झाकलेल्या वेगळ्या, एक्स्चेंजमध्ये साहेबांनी राखलेल्या वेगळ्या, त्यांचं तर त्याला तेव्हाही ठाऊक होतं आणि तो त्यांना चोर म्हणायचा. यादी केवढी होती त्या काळी? एकोणीस हजार नावं. अर्जाची पावती लोक देव्हाऱ्यात नाहीतर तांदळाच्या डब्यात जपून ठेवत. लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडचे सांगत, ‘फोनचा नंबर लागलाय, पुढच्या तीनेक वर्षांत येईल.’ माणसं मरत आणि वारस म्हणून मुलं रांगेत उभी राहत. हे सगळं तो विनोद म्हणून सांगायचा. लोकही हसायचे.

त्या एकोणीस हजारांत एक अर्ज त्याच्या धाकट्या बहिणीचा होता.

मुकादमाला “कापा” म्हणून त्याने ती जुडी मात्र आधी स्वतः छाटून घेतली, वीतभर लांबीची, आणि पुस्तिकेतच गुंडाळून पिशवीत टाकली. मुकादमाला वाटलं काका भंगारात विकणार. त्याने समजूतदारपणे दुसरीकडे पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते. बहिणीचं दुकान इथून दोन चौक सोडून. तो चालायला लागला, आणि चालताना नेहमीप्रमाणे पायांखालची झाकणं मोजत होता. शहर त्याला कायम खालूनच दिसत आलं होतं. हे झाकण, इथून डावीकडे चारशेची केबल. ते झाकण, तिथे पाणी साचतं. वर काय उभं राहिलंय याकडे त्याचं लक्ष नसायचं. आता मात्र मान वर केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गच्च्यांवर मनोरे उगवले होते, तांबडे-पांढरे पट्टे ओढलेले, एकेका इमारतीवर तीन तीन, भाड्याने राहायला आल्यासारखे. भिंतीभिंतीवर कंपन्यांच्या जाहिराती, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. सगळीकडे हसणारी माणसं कानाला हात लावून. सुरुवातीला कोपऱ्याकोपऱ्यावर रंगीत छत्र्या उघडून कंपन्यांची पोरंपोरी बसली तेव्हा खात्यातल्या सगळ्यांनी थट्टा केली होती. “भाजीसारखे फोन विकणार म्हणे!” साहेब म्हणाले होते, “हवेवर बोलणं म्हणजे हवेतलीच गोष्ट, सहा महिन्यांत गाशा गुंडाळतील.” सहा महिन्यांत गाशा गुंडाळला तो प्रतीक्षायादी विभागाने. त्या खोलीत आता पाण्याचे जार ठेवतात. यादी संपली नाही, ती वाचायला कुणी उरलं नाही. एकोणीस हजार माणसं एकेक करून रांगेतून निघून गेली. कुणाला सांगितलं नाही, कुणावर ओरडली नाहीत. छत्रीखाली थांबली, अंगठा टेकवला, आणि बोलत बोलत गेली. खरं तर खात्याला तेवढं तरी लागायला हवं होतं. लागलं नाही.

बहिणीच्या अर्जाचं असं झालं, की तिचा नवरा लग्नानंतर चौथ्याच महिन्यात परदेशी गेला. तेलाच्या कारखान्यात वेल्डर म्हणून, तीन वर्षांच्या करारावर; मग आणखी चार. घरी ती आणि सासू. अर्ज तिने त्याच आठवड्यात टाकला आणि दादाकडे आली. “तू आहेस ना खात्यात? मग मला काय काळजी!” म्हणाली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि तिचं बोलणं थांबवावं लागायचं. त्याने रजिस्टर बघितल्यासारखं केलं. तिच्या गल्लीची केबल त्याच्याच सांध्यातून जात होती. आठशेपैकी सातशे पंचाहत्तर चालू, पंचवीस खराब. तो म्हणाला, “लाइनच नाही गं. जमिनीत जागा नाही.” त्याला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं, हे आज चालता चालता त्याच्या लक्षात आलं. रजिस्टरमध्ये खराब लिहिलेल्या होत्या, त्या त्याने स्वतः लिहिल्या होत्या, आणि लिहून इतकी वर्षं झाली होती की त्या त्याच्याही मनात खराबच झाल्या होत्या. शिवाय घरच्यांसाठी काही करायचं नाही, हा त्याचा बाणा होता. बाणा! बाकावर हे सांगताना त्याची छाती किती फुगायची. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणीलासुद्धा रांगेत ठेवलंय पठ्ठ्याने.

मग ठरलं ते असं: गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं, तिथे फोन होता, औषधवाला भला माणूस. दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता नवरा तिथे फोन करणार. ती पावणेसहालाच जाऊन उभी राहायची, साडी बदलून, केस विंचरून, जसा काही तो बघणारच आहे. दुकानात कायम चारपाच माणसं. फोन काउंटरवरच, चिठ्ठ्यांच्या खिळ्याशेजारी. औषधवाला फोन वाजला की पंखा बंद करायचा, तिला नीट ऐकू यावं म्हणून. आणि पंखा बंद झाला की सगळ्या दुकानालाच नीट ऐकू यायचं. तो स्वतः दोनदा तिच्याबरोबर गेला होता. त्याला आठवत होती तिची पाठ. रिसीव्हर दोन्ही हातांत धरून, भिंतीकडे तोंड करून. “हो. हो. बरी आहे. सासूबाई बऱ्या आहेत. तुम्ही? जेवता ना? बरं. हो.” बाजूला कुणीतरी खोकल्याचं औषध हातात घेऊन, झाकणाशी खेळत, छताकडे बघत उभा. तीन मिनिटं. मग ती वळायची आणि सगळे एकदम आपापल्या बाटल्या वाचायला लागायचे.

एकदा नवरा सुट्टीवर येऊन गेला आणि तिला दिवस राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात पडून गेलं. बुधवारी. शुक्रवार दोन दिवसांवर होता. ती गेली, उभी राहिली. नवरा म्हणाला असेल, काय म्हणतेस, तब्येत कशी आहे. शेजारी डोळ्यांत टाकायच्या थेंबांसाठी थांबलेले एक आजोबा होते आणि वजनकाट्यावर उभी असलेली एक बाई. ती म्हणाली, “बरी आहे.” नवऱ्याला कळलं ते महिनाभराने, त्याच्या आईच्या पत्रातून. नंतरच्या शुक्रवारी त्याने विचारलं, सांगितलं का नाहीस, आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड करून उत्तर दिलं, “हो. बरं.” यानंतर फोन महिन्याने यायला लागला. मग सणासुदीला आल्यासारखा कधीतरी. शेवटी पत्रच आलं, दोन पानी. तिकडे त्याने कुणाबरोबर तरी घर केलं होतं. शेवटी त्याने लिहिलं होतं की तुला माझ्याशी कधी काही बोलायचंच नसायचं, मी तरी किती वर्षं भिंतीशी बोलणार. तिने ते पत्र दादाला वाचायला दिलं. ती रडली नाही. म्हणाली, “त्याचं बरोबर आहे. मला बोलताच येत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे.” त्यानंतरच्या वीस वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल! भाजी चिरताना, दुसऱ्यांच्या लग्नांत, सासूच्या आजारपणात, हसतसुद्धा. आणि तो प्रत्येक वेळी म्हणत आला, “असं काही नाही गं.” एवढंच. ज्याच्या डोक्यात आकडा होता त्याने एवढंच म्हटलं. आज जर सांगितलं, तर तिच्या अंगावरचं ते ओझं उतरेल. आणि उतरलं की ते कुठे ठेवणार? ठेवायला जवळपास दुसरं कुणी नव्हतं. भाऊ हा तिचा एकुलता एक माणूस उरला होता. दर रविवारी ती त्याच्याकडे जेवते. त्याने पाऊल मंद केलं. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली, आणि ती आल्यावरही पाऊल मंदच राहिलं.

दुकान तिचं दोन हात रुंद. दर्शनी भागावर चार कंपन्यांच्या पाट्या, एकमेकींना ढकलत असलेल्या. सगळ्या गल्लीला सिम ती देते, रिचार्ज ती करते, म्हाताऱ्यांचे फोन अडकले की सोडवते. बोलता न येणारी ही बाई दिवसभर बोलत असते. समोर तीन गिऱ्हाइकं होती. त्याला पाहून तिने भुवया उंचावल्या. “आज खड्डा बुजला वाटतं? थांब, ह्यांचं होऊ दे. रांगेत ये, दादा. इथे ओळख चालत नाही.”

गिऱ्हाइकं हसली. तो रांगेत उभा राहिला, चौथा.

पहिल्याला दुसऱ्या कंपनीत जायचं होतं, नंबर तोच ठेवून. “त्या कंपनीला कंटाळलात? मागच्या महिन्यात तर डोक्यावर घेऊन नाचत होता.” “ताई, घरात रेंजच येत नाही.” “मग घर बदला, स्वस्तात पडेल.” बोलता बोलता तिची बोटं चालत होती. अंगठा टेकवा. हा कोड सांगा. झालं. पाच मिनिटंही लागली नसतील. दुसरी एक बाई होती, मजुरीवरून आलेली, हाताला सिमेंट. अंगठ्याचे ठसे झिजलेले म्हणून यंत्र घेत नव्हतं. बहिणीने तिचा हात धरून ओल्या कपड्याने पुसला, दुसरं बोट लावून पाहिलं, तिसरं लावलं, घेतलं. “बोला आता गावाकडे. बाहेर त्या पायरीवर बसून बोला, इथे माणसं ऐकतात.” हे ती सगळ्यांनाच सांगत असावी.

तिसऱ्याचा रिचार्ज झाला. “हं, बोल. काय आणलंस?”

त्याने पुस्तिका काउंटरवर ठेवून उघडली. जुडी घरंगळली.

“भंगार? मी काय करू ह्याचं?”

“ह्या तुझ्या गल्लीच्या तारा आहेत,” तो हळू म्हणाला.

“मोठ्याने बोल ना. पंख्यात ऐकू येत नाही.”

मागे एक गिऱ्हाईक होतं, आणखी दोघं आली होती. तो काउंटरवर वाकला. वाकून भिंतीकडे बघतच म्हणाला, “पंचवीस होत्या. मोकळ्या. चांगल्या. मी खराब लिहून झाकून ठेवल्या होत्या. तू अर्ज केलास तेव्हाही होत्या. शेवटपर्यंत होत्या.”

ती जुडीकडे बघत राहिली. तिने एक तार नखाने खरवडली, दुकानदार नाणं तपासतो तशी. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, “ताई, माझं दहाच सेकंदांचं काम...” “थांबा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “म्हणजे लाइन होती.”

“होती.”

“कशासाठी ठेवली होतीस?”

“तातडी आली तर. सगळेच ठेवायचे. आज कळलं, सगळेच. इस्पितळाचा फोन गेला, बंबवाल्यांचा गेला...”

“मग आली तातडी?”

“आली ना. इस्पितळाची दोनदा. एकदा पंप हाउस.” इथे थांबता आलं असतं. पण आज त्याला सगळंच सांगायचं होतं, आणि यात तर त्याला वाटत होतं की त्याची बाजू आहे, एवढी एक तरी. “आणि एकदा तुझ्यासाठी. औषधवाल्याचा फोन गुरुवारी मेला होता. केबलमध्ये पाणी शिरलेलं. शुक्रवारी तुझा फोन यायचा. मी सकाळी जाऊन झाकलेल्यातली एक काढली आणि त्याला जोडून दिली. तुला कळूही दिलं नाही.”

ती हसली नाही, चिडलीही नाही. सिम कापायची छोटी कात्री तिने खणात ठेवली, खण लावला. मग पंखा बंद केला. दुकान एकदम शांत झालं. मागची तीन माणसं आपापल्या फोनमध्ये बघायला लागली.

“आता ऐकू येईल,” ती म्हणाली. “औषधवाल्याच्या दुकानापासून माझं दार किती लांब होतं?”

“वीसेक पावलं.”

“तार पुरली नसती?”

“पुरली असती.”

“त्याच्याकडे दहा वर्षांपासून फोन होता. तो एक दिवस बंद पडला, ती तातडी. त्याच्यासाठी तू धावलास. माझ्याकडे सात वर्षं नव्हता. ती तातडी नाही. का, दादा?”

“रजिस्टरमध्ये त्या खराब...”

“ते तू लिहिलंस. मी लिहिण्याबद्दल विचारत नाही. लिहायच्या आधीचं विचारते. कुणाला लगेच लागते आणि कुणाला थांबता येतं, हे कोण ठरवत होतं? तुझा तो म्हातारा? साहेब?”

“कुणी ठरवत नव्हतं गं. खात्याची तशी...”

“खातं माझ्या दारात आलं नव्हतं. तू आला होतास. चहा पिऊन सांगून गेलास, जागा नाही म्हणून. वीस वर्षं मला वाटत राहिलं माझ्या तोंडातच शब्द नाहीत. मी आरशासमोर उभी राहून बोलून बघायचे, माहितीये तुला? शुक्रवारच्या आधी. काय बोलायचं ते पाठ करून जायचे.” ती थांबली. मागच्या गिऱ्हाइकाने पाय बदलला. “तुम्ही जाऊ नका, तुमचंही करते. ऐका खुशाल. इथे सगळे ऐकतातच.” मग तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, सरळ. तिची मान जराही वळली नाही. “मला माफी नको. कुणी ठरवलं नाही, असं होत नाही. काहीतरी बघूनच ठरवलं असेल ना, की हिला थांबवलं तरी चालेल. काय बघितलंत माझ्यात? आणि कुणी? भिंतीकडे नको बघूस, दादा. माझ्याकडे बघून सांग. कोण?”